चारही चाकांची हवा

मैलापूरच्या त्या ड्रायव्हरचा चेहरा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दोन हजार सालानंतरचे दिवस होते. शहराबाहेर सिरुसेरीत कंपन्यांच्या इमारती उठत होत्या आणि मी गिंडीच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

तक्रारदार गिंडीतला कारखानदार, आमच्यासारख्याच तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याचं म्हणणं, काही महिन्यांत गाडीचं ॲव्हरेज उतरलं, म्हणजे ड्रायव्हर पेट्रोल चोरतो. त्यात माझ्या खबऱ्याने भर घातली. "मैलापूरच्या गल्लीत गाडी थांबवून हा चाकापाशी उकिडवा बसतो, सार. पेट्रोलच काढत असणार." खबरे अर्धं बघतात आणि उरलेलं पदरचं घालतात, हे मला ठाऊक होतं. तरी ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

पन्नाशीचा, कपाळावर विभूती लावलेला माणूस. मुलीचं लग्न ठरलेलं. चोरीचा गुन्हा नोंदला असता तर ते मोडलंच असतं. "चोरी केली नाही, सार," एवढंच तो म्हणे. चाकापाशी काय करत होतास, असं विचारलं की तोंडाला कुलूप. आमचे हवालदार बाह्या सरसावू लागले, तेव्हा मी त्यांना चहा सांगायला पिटाळलं.

गुन्हा नोंदवण्याआधी मुद्देमाल स्वतः पाहायची माझी सवय. आवारात जाऊन गाडी पाहिली. टायर दोन्ही कडांना झिजलेले, मधला भाग शाबूत. हवा मोजली तर चारही चाकांत सारखीच कमी. पंक्चर झालं तर एखाद्याच चाकाला होतं. चारही चाकं सारखी उतरतात ती माणसाच्या हातानेच. हवा कमी असलेली सायकल ज्याने दामटली आहे त्याला पुढचं सांगायला नको. चाक रस्त्याला घासत राहतं, इंजिनाला जोर लागतो आणि पेट्रोल उडतं. सिरुसेरीपर्यंत गाडी आधी तशीच नेऊन आणली, मग हवा भरून. दुसऱ्या फेरीत जुनं ॲव्हरेज परत आलं. चोर नव्हताच, आणि आम्ही संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो.

पण मग हवा काढायची कशाला? ठाण्यात बोलावलेला कारखानदार ड्रायव्हरवर भडकला. "मुद्दाम गाडीची वाट लावतोस? उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात, ड्रायव्हरला ठाण्यात नेल्याचं कळून, ऑटोतून कारखानदाराची म्हातारी आई उतरली, कमरेवर हात दाबत. आमच्या तंजावरी बोलीत तिने मुलाला फैलावर घेतलं.

"अय्यो, त्याला काय बोलतोस! मीच सांगितलें त्याला. खड्ड्यांनी माझी कंबर मोडत्ये. हवा कमी केली की गाडी मऊ जात्ये. तुला कळलें तर माझ्या कच्चेऱ्या बंद करशील, म्हणून त्याला शपथ घातली."

कच्चेरी म्हणजे गाण्याची मैफल. मैलापूरच्या संगीतसभांमध्ये त्या बारा महिने चालतात, आणि मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, एखादी चुकणं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना उपास घडल्यासारखंच.

कारखानदाराची मान खाली गेली. "माझं चुकलं," तो ड्रायव्हरला म्हणाला, "काय पाहिजे ते माग." कमी हवेचा टायर उन्हात फुटतो, जीव जाईल, असं मी ड्रायव्हरला दटावलं, पण आवाजात जोर येईना.

नोकरीत कितीतरी गप्प माणसं माझ्यासमोर बसली. गप्प बसणारा आपलंच काहीतरी लपवतो, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. आता माझीही कंबर धरते. मार्गळीत ऑटोने सभेला जाताना तो माणूस हमखास आठवतो आणि डोळे भरून येतात. मालकाने विचारल्यावर तो मुलीच्या लग्नासाठी काही मागेल, असं मला वाटलं होतं. त्याने खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अम्मांच्या कच्चेऱ्या बंद करू नका, सार."