वरून ओतलेलं पाणी

त्या फाल्गुनात मी महडच्या गणपतीशी बोलणं टाकलं होतं. भांडणच म्हणा ना. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हाही मी त्याला बोल लावला नव्हता. भावाने हिय्या करून मुंबईच्या इस्पितळात परिचारिकेचं काम शिकायला पाठवलं, तेव्हा ती त्याचीच कृपा समजले. पण शिकून चौकला माहेरी परत आले आणि वहिनीने माझं पान पडवीत मांडलं. नाही नाही त्या अंगांना हात लावून आलेली बाई स्वयंपाकघरात कशी चालेल? त्या पडवीत एकटीने जेवताना मी त्याला म्हटलं, तू बैस तुझ्या गाभाऱ्यात, मी बसते इथे. त्यानंतर किती चतुर्थ्या आल्या नि गेल्या, मी हात जोडले नाहीत.

अशातच गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ रेल्वेच्या कडेकडेने कर्जतपर्यंत आली. गावाबाहेर, नदीकाठच्या शेतात सरकारने छावणी उभारली आणि मला तिथे नोकरीवर घेतलं. बांबूचे कूड, वर पेंढा, फाटकाशी एक पहारेकरी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा कल्याणहून गाडीने येत. बाकीचे दिवस सगळं माझ्यावर. नाडी बघायची, ताप बघून वहीत लिहायचा, गाठीवर पोटीस बांधायचं, कपडे उकळायचे. इस्पितळात आम्हाला शिकवलं होतं की रोग्याची जात वहीत लिहिण्यापुरती. सेवेत फरक करायचा नाही, त्याचं गुपित फोडायचं नाही, आणि आपली चूक झाली तर झाकायची नाही. परीक्षेत मी हे घडाघडा म्हणून दाखवलं होतं. शाबासकीही मिळाली होती मेली.

छावणीत माझ्याशी कुणी बोलत नसे. 'इस्पितळवाली' एवढंच माझं नाव. गावच्या विहिरीवर मला येऊ देत नसत, म्हणून मी नदीचं पाणी उकळून प्यायचे. खोपीत एकटीने भात शिजवायचा, एकटीने गिळायचा. कधी कधी मी ताप मोजायच्या काचेच्या नळीशीच बोलायचे, आता काय सांगतेस गं बाई, म्हणून. आज हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. माणसाच्या आवाजासाठी जीव इतका आसुसतो हे मला ठाऊकच नव्हतं.

मग पोशीरहून पार्वतीकाकू आल्या. त्यांच्या सुनेला ताप होता आणि तिच्याजवळ राहायची त्यांना परवानगी मिळाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "अगं बाय, हिकडं ये. भाकर खा. हाडं दिसाया लागलीत तुजी." तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. माझं सोवळं कधीच बुडालं होतं, मी तिथेच बसून खाल्लं आणि ओक्साबोक्शी रडले. त्यानंतर रोज दुपारी त्या मला बोलवायच्या. माझ्या दिवसात तेवढाच एक गोड घास होता.

चार दिवसांनी डोंगरावरच्या कातकरवाडीतून ठकीला आणलं. तिच्या नवऱ्याने तिला झोळीत घालून खाली उतरवली होती. त्याला आत सोडलं नाही. तो कुंपणाबाहेर उकिडवा बसून राहिला. रिकामी खाट काकूंच्या सुनेशेजारचीच होती. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय, तुजं काम हाय, मी नाय म्हनत नाय. पन तिला शिवलीस तर माज्या सूनबाईला हात लावू नको. आन् मंग भाकर तरी कशी देऊ गं तुला?" आणि मी मान डोलावली. मी! शाबासकी मिळवलेली!

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकीने पाणी मागितलं. ती उताणी पडली होती, मान उचलायची ताकद नव्हती. अशा रोग्याला डोक्याखाली हात घालून उठवायचं आणि तोटीच्या पेल्याने घोट घोट पाजायचं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण काकू दारात बसून बघत होत्या. मी तांब्या घेतला आणि आमच्या घरी दाराशी आलेल्या तहानेल्याला ओंजळीत घालतात तसं, हात लांब करून, वरून तिच्या तोंडात पाणी ओतलं. आजारी माणूस ओंजळ कुठून धरणार? पाणी श्वासनळीत गेलं. ठकी घुसमटली, डोळे पांढरे झाले, ओठ काळेनिळे. काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं, तरी मी तांब्या धरून खांबासारखी उभी राहिले. तिकडे कुंपणाबाहेरून तिचा नवरा नुसता "ठके, ठके" ओरडत होता.

तेवढ्यात एक बाई आत आली. उन्हाने रापलेली, कासोटा घातलेली, डोक्यावर लाकडांची मोळी. मोळी तिने दाराशी टाकली, ठकीला कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून घाण काढली आणि पाठीवर थापट्या मारल्या. ठकीने श्वास घेतला. मग त्या बाईने माझ्याकडे बघून म्हटलं, "हात लाव गं. हात कशाला हायत तुला?" रागाने नाही, आई मुलीला म्हणते तसं. मी खाटेवर बसले आणि ठकीचं डोकं मांडीवर घेतलं. वर बघते तो बाई मोळी उचलून निघालीही होती. पहारेकरी म्हणाला, फाटकातून कुणी आलं नाही. ठकीच्या नवऱ्याने ती पाहिली होती, पण आपल्या वाडीची नव्हे म्हणाला. कुंपणाच्या फटीतून आली असेल. लाकूडतोडीला बायका जायच्याच. मी वाद घालत नाही. जिला पाठवायची तिला गणपतीने पाठवली, एवढंच मला पुरे आहे.

हात धुऊन मी काकूंपुढे उभी राहिले. म्हटलं, "काकू, सूनबाईलाही हेच हात लागणार. दुसरे नाहीत माझ्याकडे." त्यांनी तोंड फिरवलं. औषध पाजू दिलं, पण भाकरी बंद झाली आणि हाकही. ठकीची छाती मात्र भरली. दोन दिवस तिच्या छातीत घरघर चालली होती. मी पेंढ्याच्या छपराकडे बघून गणपतीला म्हटलं, हिला वाचव रे बाबा, माझ्याशी मग भांड हवं तेवढं. किती महिन्यांनी त्याच्याशी बोलत होते!

डॉक्टर आले. छाती ऐकून त्यांनी विचारलं, ही एकाएकी कशी बिघडली? या तापात छाती बिघडतेच, असं म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? जीभ तेच म्हणायला निघाली होती. नोकरी गेली तर पुन्हा ती पडवी. पण मांडीवर घेतलेलं ते डोकं आठवलं आणि मी सगळं सांगून टाकलं, भाकरीसुद्धा. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "हे वहीत तुमच्या नावानिशी लिहा. आणि हिच्याजवळून हलू नका."

मी हलले नाही. सहाव्या दिवशी पहाटे ठकीला घाम सुटला आणि ताप उतरला. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. ती पेज प्यायला लागली तेव्हा मी तिचे पाय धरले. म्हटलं, "ठके, तुझा जीव जायची वेळ आली ती माझ्यामुळे."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"मग डॉक्टरांना बोलली का नाहीस?"

तिने पेजेची वाटी खाली ठेवली. "तूच येकली व्हतीस ना हितं. तू रुसली असतीस तं मला कोन बगनार व्हतं?"

शरण जाणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकले. मी देवाशी रुसू शकत होते, कारण तो मला टाकणार नाही हे आतून ठाऊक होतं. ठकीला माझ्याबद्दल तेवढीही खात्री नव्हती, तरी तिने आपला जीव माझ्या हाती ठेवला होता. आज इतक्या वर्षांनीही खाटेजवळ जाताना मी आधी निजलेल्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करते, आणि मगच त्याची नाडी धरते.