खिडकी लावली का?

गल्लीत तिला सगळे कात्रीवहिनी म्हणतात. एक तर ती शिवणकाम करते, आणि दुसरं म्हणजे घरखर्चाला कात्री लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. दुसरा शिंपी ज्या कापडात नुसता फ्रॉक बसवेल, त्यातून ती फ्रॉक काढून वर उशीचा अभ्रा काढते. स्वयंपाकघरातही तेच. बाजाराला जाते ती बाजार उठायच्या अर्धा तास आधी, भाजीवाला कंटाळला की. फ्लॉवरचा पाला 'सशासाठी' म्हणून फुकट मागते. घरात ससा नाही. भाजीवाला मात्र दर आठवड्याला सशाची तब्येत विचारतो आणि ही बया न अडखळता सांगते, "खातोय हो चांगलं." आता खोटं तरी कसं म्हणायचं, नवरा खातोच की.

चिकट म्हणणारेही आहेत. म्हणोत बापडे. शेजारची म्हातारी आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस डबा कुणी दिला, ते त्यांना विचारा.

यंदा सुट्ट्या तोंडावर आल्या आणि नवऱ्याच्या कारखान्यातली एक पाळी बंद झाली. पगार जवळजवळ अर्ध्यावर आला. त्यातच नणंदेचा फोन: "वहिनी, येतोय गं आम्ही, नेहमीसारखे आठ दिवस." नणंद, तिचा नवरा, तीन पोरं. नवरा हळूच म्हणाला, "यंदा नको म्हणू का तिला?"

"खबरदार," वहिनी म्हणाली. तिला स्वतःला ना आई ना बहीण. वर्षभर मशीनवर मान मोडायची, आणि हे आठ दिवस ओट्याशी नणंदेबरोबर पोट दुखेपर्यंत हसायचं, एवढीच तिची चैन. घरात ओढाताण आहे हे नणंदेला कळलं असतं, तर तिनं 'उगाच भार कशाला' म्हणून पुढच्या वर्षीपासून येणंच बंद केलं असतं. आपल्या वहिनीला त्याचीच धास्ती होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तिनं नवऱ्याला बजावलं. "तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

मग काय, कात्री चालली. बेकरीतून तुटक्या बिस्किटांची पिशवी आली, एक दिवस शिळा पाव अर्ध्या दरात आला आणि अंड्यात बुडवून असा काही भाजला गेला की पोरांनी ताटल्या चाटल्या. डागी फळांचे डाग गेले केरात आणि उरलेल्याचा मुरंबा झाला. तीन दिवस निभावले. नणंदेला कशाचा पत्ता नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी बटाट्याचा रस्सा आणि भात होता. खेळून आलेली पोरं तुटून पडली. वहिनीनं पातेल्यात डोकावलं तर रस्सा तळाला आलेला. पाहुण्यांचं दुसरं वाढप व्हायचं होतं आणि तिच्या दोन्ही पोरी आत्ताच पळीकडे बघत होत्या. मग तिनं ठेवणीतलं वाक्य काढलं. अगदी सहज विचारल्यासारखं केलं तिनं.

"अगं, खिडकी लावली का?"

ही त्या घरातली गुप्त भाषा. याचा अर्थ, घरच्यांनी आता हात आखडता घ्या, पाहुण्यांना पुरू द्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं तिला शिकवली होती. तिच्या पोरींनी लगेच ताटल्या बाजूला सारल्या. नवरा म्हणाला, "पोट भरलं बुवा."

पण नणंदेचाही हात थांबला. "मलाही बास," ती म्हणाली. पाठोपाठ तिची तिन्ही पोरं शहाण्यासारखी म्हणाली, "आम्हालापण बास." जी पोरं मिनिटापूर्वी पातेल्यात पडायची बाकी होती ती.

सगळे हात आवरून बसले. एकटे नणंदेचे यजमान, दाजी, उठले, भर उकाड्यात खिडकी लावून आले आणि म्हणाले, "हं, वाढा."

ताटल्या उचलून दोघी आत आल्या. नणंद नळाखाली हात धरून म्हणाली, "वहिनी, हे वाक्य तुला कुणी शिकवलं?"

"तुमच्या दादांनी. का?"

"दादाचं कसलं डोंबल. आईचं आहे ते. तू यायच्या आधीच गेली ती, तुला कसं माहीत असणार? आमचं अख्खं लहानपण त्या खिडकीवर गेलं. माझ्या घरी मीही तेच म्हणते. फक्त ह्यांना सांगितलेलं नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही."

नवऱ्याचा वहिनीला असा राग आला की सांगता सोय नाही. इतकी वर्षं अक्कल मिरवली, आणि ही त्याचीच बहीण आहे हे ऐन वेळी विसरला. मग राग गेला आणि डोळेच भरून आले. "म्हणजे तुम्हाला कळलं सगळं," ती म्हणाली. "आता पुढच्या वर्षी येणार नाही तुम्ही."

"का नाही येणार?" नणंदेनं ओले हात तिच्याच पदराला पुसले. "आईनं जन्मभर खिडकी लावायला सांगितली. दार लावायला कधी सांगितलं नाही. उद्यापासून बाजार माझा, आणि घासाघीस तू करायची, मला ती येत नाही."

वहिनी रडता रडता हसली आणि मग दोघींना हसू आवरेना. नणंदेनं उरलेल्या रश्श्यात कपभर पाणी ओतलं, मीठ टाकलं, एक उकळी काढली आणि पातेलं बाहेर नेऊन मधोमध ठेवलं. "या रे पोरांनो, बसा परत." पाच पोरं आणि तो अकलेचा कांदा नवरा, सगळे असे जेवले की पळी तळाला खडखडली.

दाजी आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होते. "काय माणसं आहात," ते म्हणाले, "आत्ता तर सगळ्यांची पोटं भरली होती."