रुबिएलाच्या दारची पायरी

लास ग्वायाबास वस्तीत कुणाच्या घरचं पाणी गेलं, की लोक डोंगर चढणाऱ्या जिन्यावर येऊन वर तोंड करून हाक मारायचे, "दोन्या रुबिएलाऽऽ!" गेल्या काही वर्षांत लोक तोंड खाली करून हाक मारू लागले होते. "हिल्माऽऽ!" नुसतं हिल्मा. पुढे मानाचं दोन्या नाही, मागे काही नाही, जणू घरातली धाकटी बहीणच. आणि तीही लगेच ओला हात झग्याला पुसत बाहेर यायची.

रुबिएला आपल्या सज्जात उभी राहून हे ऐकायची. हातातलं काम तिथेच थांबायचं.

ती या डोंगरावर आली तेव्हा जिनाच नव्हता. मेदेयीन शहर खाली दरीत पसरलेलं, आणि इथे फळ्यांची चार घरं न् चिखल. नवरा लिबार्दो बस चालवायचा, तो पहाटे घसरत खाली जायचा आणि रात्री चढत वर यायचा. तिने बायका जमवल्या, महापालिकेत खेटे घातले, सायबांच्या दारात बसून राहिली. गटार तिच्यामुळे आलं, नळ तिच्यामुळे आला, समाजमंदिर तिच्यामुळे उभं राहिलं. ती वस्तीसमितीची अध्यक्ष इतकी वर्षं होती, की शाळेतल्या मुलांना 'अध्यक्ष' हे तिचं आडनाव वाटायचं. ठेंगणी, सुजलेल्या घोट्यांची, सभेला जाताना ओठांना रंग लावणारी बाई. समाजमंदिराची किल्ली गळ्यात दोरीला बांधलेली असे. चर्चमध्ये गुडघे टेकले तरी ती किल्ली तिच्या छातीवर खुळखुळायची.

कामाची रीत ठरलेली होती. सिमेंट, वाळू, सळया महापालिकेच्या, आणि हात वस्तीचे. रविवारी सगळ्यांनी फावडी घेऊन यायचं, आणि भर रस्त्यात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवायचं. युकाचे कंद, कच्ची केळी, मका आणि कोंबडी घालून केलेला सांकोचो सगळ्यांनी मिळून खायचा. याला कोनवीते म्हणतात. कोनवीते नीट झालं की महापालिका खूश, आणि पुढचं अनुदान सुटतं.

हिल्मा नंतर आली, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. तिच्या छपराचे पत्रे रुबिएलानेच मिळवून दिले होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या पोरीला हातांवर घेऊन रुबिएलाच धर्ममाता म्हणून उभी राहिली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, मानलेल्या बहिणी. हिल्मा हसली की खालच्या रस्त्यावरच्या बसमधली माणसं मान वळवून बघत. ती कुणालाही रागावत नसे. तिच्या अंगावर कुणी खेकसलं तरी ती म्हणायची, "जेवला नाहीस वाटतं." आणि त्याला जेवायला बसवायची. असंच बसवता बसवता एकटे राहणारे म्हातारे तिच्या ओसरीवर दुपारचे जेवू लागले. चूल लाकडांची. धुराने त्यांचे डोळे गळायचे, तरी रोज येत.

"खूळ आहे, आठ दिवसांत जिरेल," रुबिएला नवऱ्याला म्हणाली होती. खूळ काही जिरलं नाही.

मग महापालिकेने नवी योजना काढली. आता फक्त जुन्या समित्यांनाच नाही, वस्तीतल्या लहानसहान गटांनाही अनुदान मिळणार होतं. तशी सूचना रुबिएलाच्या हाती आधी आली. तिने ती समाजमंदिरात लावली, पण झाडूच्या मागे. हिल्माला ती तरीही सापडली, कारण समाजमंदिर झाडायला तीच यायची.

तिने केलेला अर्ज मंजुरीच्या वाटेला लागला. मिळालं तर म्हाताऱ्यांसाठी पक्कं स्वयंपाकघर होणार होतं. डोक्यावर छप्पर, गॅसची शेगडी, वर्षभराचा शिधा. अट एकच. जिन्याच्या वरच्या टोकाच्या मोडक्या पायऱ्या गटाने कोनवीते करून बांधायच्या, आणि रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर महापालिकेची बाई येऊन काम बघणार.

शुक्रवारी हिल्मा पातेलं मागायला आली.

"कोमाद्रे, समितीचं मोठं पातेलं देतेस?"

"घेऊन जा की. वस्तीचंच आहे."

"आणि झाकण?"

"झाकण कुठेतरी गेलंय," रुबिएला म्हणाली. झाकण तिच्या पलंगाखाली होतं.

"असू दे, केळीची पानं घालीन. तू येशील ना गं? तुझ्याशिवाय बरं नाही दिसणार."

"गुडघे धरलेत माझे."

हिल्मा पातेलं डोक्यावर पालथं घालून हसत जिना उतरली. आतून तिचं हसणं घुमत होतं.

"झाकणाचा काय गुन्हा?" लिबार्दो खुर्चीतून म्हणाला. तो निवृत्त झाल्यापासून दिवसभर त्या खुर्चीत असायचा आणि त्याला सगळं दिसायचं.

"तुला कुणी विचारलंय?"

"मला कुणी विचारत नाही. म्हणून तर मी सुखात आहे."

पण झाकणापेक्षा मोठी गोष्ट रुबिएलाने पोटात ठेवली होती.

पहिल्या गटाराच्या वेळी ती हिल्मासारखीच तरुण आणि हौशी होती. लोक उन्हाच्या आधी म्हणून पहाटे लागले, मन लावून राबले, आणि सकाळीच काम संपवून अंघोळीला गेले. दुपारी साहेब आला. त्याला गटार दिसलं, माणूस एकही दिसला नाही. कुणा कंत्राटदाराने केलं असेल, असं त्याने ठरवलं. वस्तीचा सहभाग नाही, असा शेरा मारला आणि त्या वर्षीचे पैसे गेले. कामसू माणसांना कामसूपणाचाच दंड बसला. तेव्हापासून रुबिएलाने एक युक्ती केली. शेवटचं थोडं काम ती मुद्दाम बाकी ठेवायची आणि जेवण लांबवायची. महापालिकेची गाडी वळणावर दिसली, की मग ओरडायची, "चला, उचला फावडी!" लोक कुरकुरत. "दोन्या रुबिएलाचा सांकोचो म्हणजे, आज चढवला की उद्या शिजणार!" असं तिच्या तोंडावर म्हणत. तिने कारण कधी कुणाला सांगितलं नाही. आपल्यालाच ठाऊक असलेली अशी एखादी गोष्ट जवळ असली की बरं वाटायचं तिला.

हिल्माला ती गोष्ट सांगायची, तर शुक्रवार गेला, शनिवारही गेला. शनिवारी संध्याकाळी हिल्मा दारोदार सांगत फिरली, "उद्या लवकर या रे, माझ्याकडे जेवण वेळेवर असतं!" लोक हसले. ते हसणं कुणाला उद्देशून होतं ते रुबिएलाला सज्जात बरोबर कळलं. तिने खिडकी लावून घेतली.

रविवारी उजाडता उजाडता फावड्यांचा आवाज सुरू झाला. रुबिएलाने पडदा बाजूला केला. केवढी माणसं! तिच्या कोनवीतेला ज्यांचे गुडघे, कंबर, सासू, काहीतरी आडवं यायचं, ते सगळे होते. बायका साखळी करून वाळूच्या बादल्या वर देत होत्या. हिल्माने सगळ्यांना गुळाचं गरम पाणी आणि चीज घातलेला आरेपा, मक्याची जाड भाकरी, दिला होता. गवंडी आबेलार्दो पातळी लावून एकेक पायरी बघत होता. तो कधी कुणाचं कौतुक करत नसे. आज म्हणाला, "हिल्मा, असं काम असेल तर मी रोज येईन." रुबिएलाच्या हाताखाली त्याने इतकी वर्षं काम केलं होतं. तिला त्याने असं कधी म्हटलं नव्हतं.

शेवटची पायरी रुबिएलाच्या दारासमोरची. तीही झाली. ऊन चढण्याआधी सगळं आटोपलं होतं. सांकोचोही वेळेवर शिजला, झाकणावाचून. लोक जेवले, वाहवा करत घरी गेले, कुणी अंघोळीला, कुणी टीव्हीवरचा सामना बघायला. चर्चमध्ये गेलेले अजून परतायचे होते. जिना धुतल्यासारखा रिकामा झाला. हिल्मा मागच्या नळावर पातेलं घासत बसली.

"झालं," रुबिएला पुटपुटली. बरं वाटायला हवं होतं. निम्मं वाटलंही.

तेवढ्यात हिल्माकडे जेवणारा म्हातारा एवेलियो काठी टेकत खाली निघाला. खिशात चमचा. कोनवीतेच्या गर्दीत त्याला उभं राहवत नाही, म्हणून तो मागाहून जेवायचा. ओली पायरी टाळायला तो रुबिएलाच्या फाटकाला धरून थांबला.

"दोन्या, तू जेवलीस?"

"घरी जेवते मी."

"चुकलीस. तुझ्या हातचं मी पुष्कळ खाल्लंय, वाईट नव्हतं. पण मिठाची समज हिल्माला आहे." आणि तो आपला निरागसपणे, एकेक पायरी, धुराकडे उतरत गेला. खाली ओसरीवर बसल्याबरोबर त्याला खोकल्याची उबळ आली.

रुबिएलाने त्याच्याकडून नजर काढली आणि तिला खालच्या वळणावर महापालिकेची पांढरी गाडी दिसली.

ती सज्जाच्या कठड्यावर वाकली. "बाहेर याऽऽ! सगळे बाहेर या! फावडी घेऊन या!"

एका खिडकीतून एक बाई डोकावली. "काय झालं, दोन्या?" उत्तर यायच्या आत कुणीतरी गोल केला आणि ती आत गेली. बाकी एकही दार उघडलं नाही. हीच घरं रुबिएलाने एकेकाळी एका हाकेत रिकामी केली होती.

पुढचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दारामागची पहार तिने उचलली, गुडघे दुखतात हे विसरून धावत बाहेर आली आणि समोरच्या ओल्या पायरीत घातली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. फळी उडाली. सिमेंटचा गोळा ढासळून खाली गेला.

"अहो! अहो! वेड लागलं का या बाईला!" आबेलार्दो बनियनवरच धावत आला, अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस.

"उतार चुकलाय! पावसाचं पाणी माझ्या घरात येणार!"

"उतार? मी पातळी लावलीय, पातळी! आयुष्यात माझा उतार चुकला नाही!"

"मग आज चुकला!"

आता मात्र सगळी दारं उघडली. तिच्या हाकेला कोणी आलं नव्हतं, तिच्या भांडणाला सगळी वस्ती आली. ओल्या केसांच्या बायका, सामना अर्धवट सोडून आलेले पुरुष, प्रार्थनेहून परतणारे, सगळे जिन्यावर उभे राहिले.

"पोटात दुखतंय तिच्या," कुणीतरी मोठ्याने म्हणालं. "हिल्माचं चांगलं झालेलं बघवत नाही."

"झाकणसुद्धा दिलं नाही म्हणे!"

हिल्मा राखेच्या हातांनी वर आली. तिने फुटलेल्या पायरीकडे बघितलं, रुबिएलाकडे बघितलं. तिचा चेहरा पडलेला रुबिएलाने पहिल्यांदाच पाहिला. ते बघून तिच्या मनात काहीतरी गोड झालं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"भांडत कसल्या बसता," हिल्मा म्हणाली. "वाळू आहे अजून. आणा फावडी. आबेलार्दो, तिला हवा तसा उतार दे."

फावडी आली. बादल्यांची साखळी लागली. राग होता, म्हणून हात दुप्पट चालत होते आणि तोंडंही. महापालिकेची तरुण बाई धापा टाकत वर पोचली, तेव्हा जिना माणसांनी भरलेला होता, सिमेंट कालवलं जात होतं, आणि म्हातारा एवेलियोसुद्धा कुणाची तरी बादली धरून उभा होता.

"दरवेळी एवढे लोक येतात?" तिने हिल्माला विचारलं.

"त्याहून जास्त, दोक्तोरा," हिल्मा म्हणाली. "आज काही रागावून घरी गेलेत."

अनुदान मंजूर झालं. वस्तीत फटाके वाजले. रुबिएलाशी महिनाभर कुणी धड बोललं नाही. दुकानात ती गेली की बायका गप्प व्हायच्या. आबेलार्दो तिच्या दारावरून जाताना टोपी डोळ्यांवर ओढायचा.

एका संध्याकाळी हिल्मा आली. फाटकातच उभी राहिली.

"कोमाद्रे, एक विचारू? आज ती महापालिकेची दोक्तोरा भेटली. ती म्हणाली, दोन वस्त्यांचे अर्ज परत गेले. काम चोख होतं, पण ती गेली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं." तिने समोरच्या खिडकीकडे बोट केलं. "आणि समोरची बाई सांगते, पायरी फोडायच्या आधी तू सगळ्यांना हाका मारत होतीस. फावडी घेऊन या म्हणून."

रुबिएला तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"तुला ठाऊक होतं ना?" हिल्माने हळूच विचारलं. "तू आमच्यासाठी केलंस ना ते?"

हो म्हटलं असतं, तर उद्या सकाळपर्यंत वस्तीभर झालं असतं. पुन्हा वर तोंड करून हाका आल्या असत्या. पण हो म्हटलं, की हिल्मा पुढचं विचारणार. ठाऊक होतं, तर शुक्रवारी का नाही सांगितलंस? शनिवारी का नाही? तोंडाने नाही विचारलं, तरी त्या मोठ्या डोळ्यांनी विचारणारच. मत्सरी म्हणून वस्तीने ओळखलेलं तिला चालत होतं. तिचा मत्सर किती दिवस शांतपणे बसून राहिला होता, हे हिल्माला कळलेलं चालणार नव्हतं.

"उतार चुकला होता," रुबिएला म्हणाली.

"आबेलार्दो तर म्हणतो..."

"आबेलार्दोला काय कळतंय!"

हिल्माने फाटक ओढून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "मी आपली उगाच आभार मानायला आले होते."

ती वळली आणि उतरू लागली. पहिल्या दारातून हाक आली, "हिल्मा, कॉफी घेतेस?" दुसऱ्यातून, "हिल्मा, गॅस कधी येतोय गं?" तिसऱ्या दारात तर ती बसलीच, आणि तिचं ते हसणं जिन्यावरून वर आलं.

"सांगून टाकायचं होतंस," लिबार्दो खुर्चीतून म्हणाला.

"काय सांगायचं होतं?"

रुबिएला ताट मांडीवर घेऊन तशीच बसली. खाली हिल्मा कुणाला तरी काही सांगत होती, आणि ऐकणारे हसत होते. काय सांगते आहे, ते ऐकू यावं म्हणून रुबिएलाने खिडकी जराशी उघडली.