विमलवहिनीचा पाव तास

निरोप पांढुर्ण्याहून येणाऱ्या सकाळच्या बसच्या कंडक्टरने आणला. सौंसरच्या स्टँडवर गाडी लागताच तो तसाच शाळेत आला आणि माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. "बाई, तुमच्या दादानं सांगितलं, लगेच निघा. नागपूरहून गाडी निघाली हाये." दोन दिवसांपूर्वीच मी नागपूरच्या दवाखान्यात वहिनीच्या उशाशी बसून आले होते. तापात तिला माणूस ओळखू येत नव्हतं. अशा माणसाला इतक्यात घरी आणतात ते एकाच कारणाने. कंडक्टर जमिनीकडे पाहत होता, म्हणून मी काही विचारलं नाही. त्याच्याच गाडीने परत निघाले.

घरी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. एकीने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सुटली बाप्पा बिचारी." दुसरीनेही तेच म्हटलं. मला त्या शब्दाचा राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो जात नाही. माझी वहिनी, विमल, पस्तिशीचीही नव्हती. तिला सुटायचं नव्हतं. दिवाळीनंतर आपण दोघींनी पचमढीला जायचं, आणि तेही बसने, असं ती ठरवून बसली होती. बसने पचमढीला जाणं ही तिच्या लेखी केवढी मोठी गोष्ट होती हे त्या अंगणात मला एकटीलाच माहीत होतं. म्हणून हे लिहिते आहे. लिहिण्यासारखा हा विषय नाही असं घरात आईला वाटतं. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "लिही. नाव घालून लिही."

वहिनीचं माहेर सावरगावचं, जाम नदीच्या पलीकडचं. पूल ओलांडला की माहेर. दादाचा संत्र्यांचा व्यापार, बहार आला की आमच्या अंगणात पेट्यांच्या चळती लागतात, आणि नवी नवरी असतानाच ती पदर खोचून त्या कामात शिरली. फळ तळहातावर घेऊन नुसतं तोलायची आणि सांगायची, हे रसाचं, हे आतून कोरडं. चालणं भरभर, बोलणं मोठ्याने. माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी, पण मला नणंद म्हणून तिने कधी मान दिला नाही, आणि त्यामुळेच आमचं जमलं.

दुखणं सुरू झालं ते लग्नानंतर दोनेक वर्षांनी. आधी सगळ्यांना वाटलं, उन्हाळी लागली असेल. सब्जा झाला, धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. कमी होईना. ओटीपोटात कोणी निखारा ठेवल्यासारखं दुखायचं आणि लघवीला घटकेघटकेला जावं लागायचं, दिवसा आणि रात्रीही. लघवी तपासली तर रिपोर्ट साफ. पुन्हा तपासली, पुन्हा साफ. रिपोर्ट साफ निघाला की घरातल्या लोकांना आनंद व्हायला हवा, पण आमच्याकडे उलटं झालं. प्रत्येक साफ रिपोर्टागणिक वहिनी थोडी थोडी खोटी ठरत गेली. त्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली, की संत्रं खाल्लं की दुखणं भडकतं. तिने ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "संत्र्याच्या घरात येऊन संत्र्याले नाव ठेवून राहिली! आजपावेतो कोणाले झालं का संत्र्यानं काही?" त्यानंतर वहिनीने तो विषय काढला नाही, आणि संत्र्याला तोंडही लावलं नाही.

हळूहळू तिचं जग आखडत गेलं. लग्नात बसणं बंद, देवळातलं कीर्तन बंद. सावरगावला आईकडे जायची तर वाटेत कुठे आडोसा आहे ते आधी डोक्यात धरून निघायची, आणि पुढे पुढे निघेनाशीच झाली. मूल नव्हतं. नवऱ्याजवळ जाणंही तिला सोसेना, हे ती मला एकदाच म्हणाली... भाजी निवडता निवडता, मान वर न करता. नातेवाईक दादाला सुचवू लागले, हिला माहेरी पोचव, दुसरं बघ. दादा हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. उठून बगीच्यांकडे निघून जायचा. त्याच्या त्या गप्प बसण्याने वहिनी दुखण्याइतकीच खचत होती.

शेवटी मी आणि वहिनीनेच दादाला नागपूरला चलायला लावलं. आगगाडीने गेलो, कारण गाडीत संडास असतो. तिथल्या डॉक्टरांनी तिला भूल देऊन दुर्बिणीतून आत पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, लघवीच्या पिशवीचं आतलं अस्तर ठिकठिकाणी सोलवटलं आहे, त्यातून रक्ताचे ठिपके येतात, आणि हा आजार साध्या तपासणीत दिसत नाही. आंबट बंद करा, म्हणाले. वहिनी शुद्धीवर आल्यावर मी तिला हे सांगितलं, तर ती हमसून रडायला लागली. मी घाबरले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "कुंदा, हाये न वं! डॉक्टरले दिसलं न!" आजार आहे म्हणून इतकं सुखावलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आजार पुरता बरा होणार नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मात्र एक औषध होतं, ते बाहेरून मागवावं लागे. नळीने थेट पिशवीत सोडायचं, पाव तास आत धरून ठेवायचं आणि मग लघवीवाटे टाकून द्यायचं. सुरुवातीला दर आठवड्याला, मग जसा गुण येईल तसं. दर आठवड्याला नागपूर आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घरीही करता येतं, शिकायला कोण तयार आहे? दादा खिडकीतून बाहेर पाहू लागला. मी म्हटलं, मी शिकते. आमच्या गावातल्या नर्सबाईंनाही बोलावता आलं असतं, पण वहिनीने आधीच बजावलं होतं, "गावात कोणाले कळता कामा नाही." तिथल्या सिस्टरने मला दोन खेपांत शिकवलं आणि दुसऱ्या खेपेला मी तिच्यासमोर स्वतः केलं.

मी सौंसरला शाळेत, खोली घेऊन राहायची. शनिवारी दुपारी शाळा सुटली की बस धरून पांढुर्ण्याला. मागच्या खोलीत रबरी नळी आणि काचेची मोठी सिरिंज उकळून ठेवायची, हात कोपरापर्यंत घासायचे, वहिनीने खाटेवर गुडघे दुमडून पडायचं. घरातला पहिला शनिवार मी विसरणार नाही. दवाखान्यात सिस्टर शेजारी उभी होती. इथे आम्ही दोघीच. नळी आत जाताना वहिनीने खाटेची दोरी मुठीत धरली, आणि औषध शिरलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम फुटला. मी थांबले. "थांबू नोको," ती दात आवळत म्हणाली, "थांबली तं पुन्हा सुरू करा लागते." मी हळूहळू दट्ट्या दाबत राहिले. ज्या माणसावर आपला जीव, त्यालाच आपल्या हाताने दर आठवड्याला दुखवायचं... याची सवय होईल असं सिस्टर म्हणाली होती. हाताला झाली. मला झाली नाही.

नळी काढली की तो पाव तास. या कुशीवर, त्या कुशीवर वळत तिने औषध आत धरून ठेवायचं, आणि मी बोलत राहायचं. आतून आग होत असताना मन दुसरीकडे न्यायला काहीतरी हवं. शाळेतल्या गोष्टी संपल्या की ती सांगायची. सावरगावच्या, लहानपणच्या, जामच्या पाण्यात म्हशीच्या पाठीवर बसून केलेल्या खोड्यांच्या. दादाशी लग्न ठरलं तेव्हा तिला दुसराच मुलगा पसंत होता, हेही मला त्याच खोलीत कळलं. एकदा म्हणाली, "तुह्या भावानं मले टाकलं नाही, हे खरं हाये. पण धरलं बी नाही वं." मी तिला दुसऱ्या कुशीवर वळायला हात दिला.

त्या औषधाची एक खोड होती. घेतल्यावर दोन दिवस अंगाला, श्वासाला लसणाचा वास यायचा. औषध पिशवीत जायचं आणि वास तोंडातून यायचा. चातुर्मास सुरू झाला आणि घरात कांदा-लसूण बंद झाला. रविवारी सकाळी वहिनी देवघरात फुलं ठेवायला गेली, तर आईने तिला दारातच अडवलं. "लसूण खाऊन देवाजवळ येतं? लाज नाही वाटत?" वहिनी म्हणाली, "खाल्ला नाही जी. औषधाचा वास हाये तो." "काउन खोटं बोलून राहिली? असं कोणतं औषध असते लसणाचं?" मी आईला समजावलं. मग वहिनी शांतपणे म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुम्हीच या न खोलीत. बसा जवळ अन् पाहा." आई दोन पावलं मागे सरली. "मले नाही पाहायचं असलं काही." ती कधीच आली नाही. त्या चातुर्मासात वहिनीला देवघर बंद झालं. ती उंबऱ्याबाहेर बसून हार ओवायची आणि आई तो उचलून आत न्यायची. आई दुष्ट नव्हती. तिला भीती वाटत होती, एवढंच मी आज म्हणू शकते.

पण गुण आला. दोन-तीन महिन्यांत घटकेघटकेचं दीड-दोन तासांवर आलं, आठवड्याचं औषध पंधरवड्यावर, मग महिन्यावर. आणि एके दिवशी दुपारी, मला न कळवता, वहिनी सौंसरच्या बस स्टँडवर उतरली. एकटी. तिथून चालत शाळेच्या फाटकाशी आली आणि तिथूनच ओरडली, "कुंदा! मधात कुठंच नाही उतरली मी!" आख्ख्या शाळेने ऐकलं. मी मुलांना वर्गात सोडून धावत बाहेर आले आणि आम्ही दोघी भर रस्त्यात वेड्यासारख्या एकमेकींच्या गळ्यात पडलो. माझ्या खोलीवर तिने दोन दिवस मुक्काम केला, बाजार हिंडली, बांगड्या भरल्या. ती वहिनी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सगळंच असं झालं नाही. मधूनच दुखणं परतायचं, औषध वेळेवर मिळायचं नाही, मग पुन्हा खाट आणि घटकेघटकेला मोरी. अशातच माझी बदली छिंदवाड्याच्या पुढे झाली. मी बदली रद्द करायला धडपडत होते, तर वहिनीच म्हणाली, "जाय तू. माह्यं मी करीन." सुट्टीत आले तर खरंच ती आपलं आपण करू लागली होती. कसं शिकली, विचारलं. म्हणाली, "गरज शिकवते न." वर्षभराने मी सौंसरला परत आले, तरी तिने ते काम पुन्हा माझ्याकडे दिलं नाही. मी यायची, शेजारी बसायची, बोलायची, एवढंच.

यंदाच्या भादव्यात ताप आला. घरच्यांना वाटलं पावसाळ्याचा असेल. तिसऱ्या दिवशी ती बरळू लागली तेव्हा नागपूरला नेलं. मलेरिया मेंदूत चढला होता. तेरवीच्या आधी स्वयंपाकघरात आई कोणाला तरी सांगत होती, "घरीच नळ्या घालत होत्या दोघी. त्यानंच झालं." मी दारात उभी होते.  दुसऱ्या दिवशी मी एकटीच नागपूरला गेले, डॉक्टरांना तोंडावर विचारलं. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट काढून दाखवला. म्हणाले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, उलट त्या औषधाने तिला काही वर्षं बरी मिळाली. मी ऐकलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरी भांडी घासताना, फळा पुसताना मी माझ्या हातांकडे पाहते...

गेल्या रविवारी पांढुर्ण्याला गेले होते. संत्र्यांच्या आंबिया बहाराच्या पेट्या अंगणात आल्या आहेत. दादा मला मागच्या खोलीत घेऊन गेला. खाट तशीच आहे. खाटेसमोरच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, खिळ्याला एक आरसा टांगलेला. दादाने विचारलं, "हा आरसा इतका खाली काउन लावला वं तिनं? किती दिवस विचारीन म्हणून राहिलो."

मी सांगितलं. नळी आपली आपण घालायची तर दिसायला हवं, म्हणून ती जमिनीवर भिंतीला सामोरी बसायची आणि त्यात पाहायची. दादा म्हणाला, "दुखे का तिले?"

"हो. दर वेळी."

"मी बाहेर ओसरीतच राहत होतो न, शनिवारी. बगीच्यात नव्हतो जात. तुमचं हसणं ऐकू ये मले. वाटे, फार नसंल दुखत."

"सुरुवातीला माझा हात थरथरायचा, दादा. तो थांबावा म्हणून ती मला हसवायची."

 मला दादाचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि माफही करता आलं नाही. तो बाहेर ओसरीत होता हे वहिनीला माहीत असतं तर... पण नव्हतं माहीत. म्हातारी आई चहाला हाका मारत होती.

काल पुन्हा जाऊन आले. आरसा काढून ठेवला असेल, निदान वर तरी टांगला असेल, असं वाटलं होतं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. दादा जमिनीवर मांडी घालून बसला होता, शेजारी पाण्याची वाटी, गालाला साबण, आणि मान वाकवून तो त्या आरशात दाढी करत होता.