मधली वाटी

लढाईच्या वर्षांत मी साताऱ्याला एका मोटार-गॅरेजात मिस्त्री होतो. क्रँकची नवी बेअरिंगं मिळत नव्हती, म्हणून जुन्याच वाट्यांत धातू ओतून भागवावं लागे. वाटी म्हणजे अर्धगोल पितळी खोळ, आतून शिसं-कथलाचा पांढरा थर. अशा दोन वाट्यांच्या मध्ये क्रँक फिरतो. झिजलेला थर काढायचा, पितळेला भांड्यासारखी कल्हई करायची आणि वर नवा धातू ओतायचा. निवली की वाटी सुतळीला टांगून हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोकून बघायची, बाजारात मडकं बघतात तशी. खणखणली तर थर धरला. बद्द वाजली तर थर सुटा आहे, आज ना उद्या उखडणार.

सांगलीच्या एका मालकाची उतारूंची सर्व्हिस मोटार आमच्याकडं खोलली होती. दसऱ्याला तिला हार घालून सांगलीत दारात उभी करायची, असा मालकाचा हट्ट होता. तिचा ड्रायव्हर कुंडलकडचा, उसाच्या घरातला, माझ्याच वयाचा. इंजिन उघडं असेपर्यंत तो गॅरेजातच जेवायचा, झोपायचा. क्रँकला तेलात कालवलेला शेंदूर लावून मी फिरवून बघत होतो. शेंदूर उठेल तिथं थर उंच, तो खरवडायचा. तो म्हणाला, आता डोळं बशीव, मारुतीच झाला. मी हसलो होतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटची, मधली वाटी ठोकली. बद्द वाजली. पुन्हा ठोकली. तसंच. परत ओतायची म्हणजे दुसरा दिवस हवा, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारं पूजेत. पूजेतलं हत्यार कुणी उचलत नाही. दसरा चुकला असता, एवढंच. ड्रायव्हरनं विचारलं,

"कशी हाय?"

"बरी हाय."

मी वाटी बसवली, बोल्ट आवळले. सकाळी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. त्यात ती मूठही होती.

दसरा झाला. दिवाळीच्या आत कराड सोडल्यावर मोटार बसली. थर उखडून तेलाची वाट बंद झाली, बेअरिंग जाम झालं, पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाच्या पोटातून बाहेर आला. सगळं तेल रस्त्यावर. उतारू चालत गेले, कुणाला काही झालं नाही. पण तेल आधी होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मालकानं मला सांगलीला बोलावून सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हणालो, तेल नसलं की बेअरिंग वितळतं. यात खोटं काहीच नव्हतं. ड्रायव्हर म्हणत होता, मी तेल बघितलं होतं. मग म्हणायला लागला, बघितलं असंल. त्याला काढून टाकलं. तेलावाचून गाडी हाकणारा म्हणून पुढं कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. मी जेवत होतो, झोपत होतो. बाकी काही वाटत नव्हतं.

लढाई संपून काही वर्षं झाल्यावर त्याच्या मळ्यावर गेलो. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. चालू करण्याआधी त्यानं तेल मापायची सळई काढली, पुसली, बुडवली, बघितली. पुन्हा पुसून बुडवली. मग खुरपणाऱ्या बायकोला हाक मारली. ती हात झटकत आली, सळई बघितली आणि म्हणाली, "आवं, हाय की तेल." तेव्हा कुठं त्यानं हँडल मारलं. ती मला म्हणाली, रोजचंच हाय, आपल्या डोळ्यावर भरवसाच न्हाई त्यांचा.

ती परत वाफ्याकडं गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. वाटी, आवाज, खंडेनवमी. तो पाटाच्या पाण्याकडं बघत होता.

"म्हंजी तेल व्हतं."

"व्हतं."

त्यानं शिवी दिली नाही. भाकरी खाऊन जा म्हणाला. आम्ही बांधावर बसून खाल्लं. त्यासाठी बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू करायच्या वेळी त्यानं सळई काढली, पुसली, बुडवली आणि माझ्यापुढं धरली.

"तू मिस्त्री. हाय का तेल?"

वरच्या खुणेपर्यंत होतं. "हाय," मी म्हणालो.

त्यानं सळई पुसून पुन्हा बुडवली. मग बायकोला हाक मारली.