देवीच्या बनातल्या लाल पट्ट्या

चूक माझी होती, आणि ती माझीच आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही तीन महिने मी तोंड उघडले नाही, आणि त्या तीन महिन्यांत एका म्हाताऱ्या माणसाला गाव सोडावे लागले. देवीचा अनुभव म्हणून लोक आनंदाच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी आहे ती लाजेची गोष्ट. पण ज्या दिवशी मी लाजेने पुरता वाकलो, त्याच दिवशी तिने मला हाताला धरून उभे केले, असे मला वाटते. म्हणून लिहितो.

आमचे गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अलीकडे. रांजणगावच्या एका कारखान्यात मी माल तपासायच्या खात्यात होतो. चाळिशी ओलांडली तशी साखर निघाली. शिरूरच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, आणि चालता चालता मला पळण्याची गोडी लागली. गावामागे वनखात्याची झाडी आहे. खैर, हिवर, कडुनिंब, मध्ये गवताचे पट्टे आणि जिकडे तिकडे मोर. झाडीच्या मधोमध देवीचे ठाणे, म्हणजे तिचे देऊळ, आणि भोवती तिचे बन. या बनातली काडीसुद्धा कोणी घरी नेत नाही. नवस बोलायचा तर पायरीजवळच्या जुन्या वडाला लाल फडके बांधायचे, दुसऱ्या झाडाला नाही, अशी पूर्वीपासूनची रीत.

कारखान्यात पुण्याहून येणारे तिघेचौघे होते. पुण्याच्या टेकड्यांवर, वनखात्याच्या झाडीतून सकाळी किती माणसे पळतात, तिथे वाटा कशा आखलेल्या असतात, हे ते डबा खाताना रंगवून सांगत. मलाही हौस आली. आपल्या झाडीतून दहा किलोमीटरची एक वाट आखावी आणि रविवारी कारखान्यातल्या सगळ्यांना बोलवावे असे मी ठरवले. वाट चुकू नये म्हणून खुणा हव्या होत्या. आमच्या खात्यात नापास मालाला बांधायच्या लाल कापडी पट्ट्या पोत्याने पडून असत. त्यांतल्या पन्नाससाठ आणून शनिवारी सकाळी मी एकटाच झाडोझाड बांधत गेलो. निम्मी वाट देवीच्या बनातून जात होती. माझ्या डोळ्यांना त्या फक्त खुणा दिसत होत्या. त्याच बनात लहानपणापासून वावरलेल्या मला इतकेही सुचू नये, याचे आज नवल वाटते.

दोनतीन रविवार आम्ही मजेत पळालो. मग एका सकाळी एका पट्टीखाली मला हळदकुंकू दिसले. पुढच्या आठवड्यात नारळाची शेंडी आणि हिरव्या बांगड्या. गावातल्या बायांनी मानले होते की देवीने आपले ठाणे वाढवले, आता ती साऱ्या बनात नवस घेते. कोणाला स्वप्नही पडले होते. माझ्या पट्ट्यांशेजारी नव्या चिंध्या आल्या आणि जिथे कोणी पाऊल टाकत नसे त्या झुडपांत माणसांची रीघ लागली. मी मनात हसलो. नंतर घाबरलो. ज्यांच्यापुढे बाया हात जोडत होत्या त्या कारखान्यातल्या नापास मालाच्या पट्ट्या आहेत, हे कळले तर गाव मला काय म्हणेल?

बाबूभाई हा गावच्या वन समितीने नेमलेला राखणदार. साठीच्या पुढचा, मुसलमान, त्याच्या आजापासून झाडीच्या कडेला घर असलेला. लांडोरी झुडपांत अंड्यांवर बसल्या होत्या आणि माणसांच्या वर्दळीने घरटी सोडून उठत होत्या. त्याने दोनदा बायांना समजावले. शेवटी घरट्यांच्या बाजूच्या साऱ्या पट्ट्या आणि चिंध्या सोडल्या, घडी घालून देवीच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. तो त्या सोडत असताना मी त्याला पळता पळता पाहिले. त्याने मला हात केला, मीही केला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव जमले. मुसलमानाने देवीची फडकी काढली, एवढेच ज्याच्या त्याच्या तोंडी होते. समितीचे प्रमुख आप्पा माझे चुलतभाऊ. ते सरळ माणूस, ओरडाआरडा त्यांना आवडत नाही. त्यांनी बाबूभाईला विचारले. तो लांडोरींचे सांगू लागला, तर मागून कोणीतरी म्हणाले, "लांडोरीचा एवढा कळवळा, मग देवीचा का न्हाई?" लोक हसले. मग आप्पा माझ्याकडे वळले. "तू रोज जातोस तिथनं. ह्यानं काढताना बघितलंस का?"

मी म्हणालो, "बघितलं."

शब्द खोटा नव्हता. पण त्याच्या पुढचे वाक्य मी गिळले. बाबूभाई माझ्याकडे बघत होता. त्या पट्ट्या मी बांधल्या हे त्याला ठाऊक नव्हते. याने आपल्याला पाहिले आहे, तर हा आपल्या बाजूने दोन शब्द बोलेल, एवढीच त्याची आशा असावी. मी मान खाली घातली. त्याची राखण त्याच दिवशी सुटली. पुढे लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, पिठाच्या गिरणीत त्याचे दळण मागे राहू लागले. तेव्हा तो दौंडला मुलीकडे निघून गेला. शेळ्यांसाठी बायको मागे राहिली.

मी पळणे सोडले नाही, रविवारची टोळी मात्र बंद केली. मंगळवारी देवळात जायचो, पण देवीच्या डोळ्यांकडे बघणे टाळायचो. नवरात्र आले तेव्हा मी नऊ दिवसांचा कडक उपास धरला आणि अनवाणी राहायचे ठरवले. घरच्यांना वाटले, भक्ती वाढली. खरे तर ती सौदेबाजी होती. कबुली सोडून दुसरे काहीही घे, असे मी तिला सांगत होतो.

चौथ्या माळेला सकाळी साखरेवरची गोळी घेतली आणि उपाशीपोटी, अनवाणी पळायला गेलो. डॉक्टरांनी बजावलेले सगळे मी विसरलो होतो. झाडीच्या कडेला आलो तेव्हा हातपाय कापू लागले, घामाने अंग भिजले, समोरची वाट दुहेरी दिसू लागली. कुठे बसलो ते आठवत नाही. शुद्धीवर येत होतो तेव्हा तोंडात गुळाची चव होती आणि एक बाई माझी मान धरून बसली होती. ती बाबूभाईची बायको होती. मी तिच्याच अंगणाच्या कडेला पडलो होतो.

उपास आहे, असे मी पुटपुटलो. ती म्हणाली, "आदी गूळ गिळा. जीव गेल्यावर देवी काय तुमचा उपास घिऊन बसंल?"

मग तिने वाटीतून गोड चहा पाजला. नवरात्रात, त्या घरात, मी तो प्यालो. पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो तिने सुईने काढला. काम करता करता बोलत होती. धनी दौंडात हाय, तिथं त्यांना करमत न्हाई, सांजच्याला फोनवर मोरांचंच इचारत्यात, असे सांगत होती. आणि मग सुई खाली ठेवून तिने विचारले, "साहेब, तुमी रोज ह्या वाटंनं पळता. ती पहिली फडकी कुणी बांधली, बघितलं का? मी देवीला रोज म्हन्ते, त्या मानसाला माझ्या दारात आन. भांडायचं न्हाई मला. एकडाव इचारायचं हाय."

मी तिच्या दारात बसलो होतो. तिचा गूळ माझ्या पोटात होता. आणि मी म्हणालो, "नाही, मी नाही बघितलं."

आयुष्यात इतके क्षुद्र मला कधी वाटले नव्हते. घरी येईपर्यंत एकच गोष्ट मनात फिरत होती. दहा किलोमीटरच्या वाटेत कुठेही पडलो असतो, तर दुपारपर्यंत कोणाला सापडलो नसतो. पडलो ते त्याच दारात. तो योगायोग असेल. मी वाद घालत नाही. मला एवढेच कळले की देवीने त्या बाईचे ऐकले आणि आता माझी पाळी आहे. चार दिवस मी तिला उपास देत होतो. तिला तो नको होता. जे मी घट्ट धरून बसलो होतो, ती गावातली इज्जत, तेच सोडायचे होते. शरण जाणे म्हणजे आपल्याला सोपे असेल ते देणे नव्हे, हे मी तोवर शिकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मोटरसायकलवर दौंडला गेलो. बाबूभाई मुलीच्या घरासमोर खाट विणत बसला होता. मी सगळे सांगितले. पट्ट्या कुठून आणल्या, का गप्प राहिलो, काल त्याच्या बायकोशीही खोटे बोललो. त्याने सुंभाचा फेरा पुरा केला, मग म्हणाला, "मला वाटलंच होतं, पट्ट्या कंपनीच्या हायेत. एकसारख्या कापलेल्या होत्या. नवसाचं फडकं असं कुणी कापतंय व्हय?"

मी विचारले, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"कुणी ऐकलं असतं?" तो म्हणाला. मी पायाला हात लावायला वाकलो, तर त्याने मला वरच्यावर धरले. "हितं माफी मागून काय हुतंय? जिथं बोललात तिथं बोला."

तो माझ्यामागे बसून आला. देवळात पोचलो तेव्हा पाचव्या माळेची आरती संपली होती, लोक प्रसादासाठी थांबले होते. आप्पा होते, पिठाच्या गिरणीवाला होता, त्या दिवशी हसलेले सगळे होते. बायांच्या मागे, पायऱ्यांखाली, बाबूभाईची बायको उभी होती. मी देवीकडे पाहिले, मग लोकांकडे वळलो.

"त्या लाल पट्ट्या मी बांधल्या होत्या," मी म्हणालो. "कारखान्यातून आणून, पळायच्या वाटेच्या खुणा म्हणून. देवीचं त्यात काही नव्हतं. बाबूभाईंनी पाखरं वाचवली, आणि मी स्वतःला वाचवायला त्यांना बुडवलं. चाची, काल तुमच्या दारात बसून मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही ज्याला शोधत होता तो मीच. बाबूभाई, सगळ्या गावासमोर तुमची माफी मागतो."