झऱ्यावरचं तेल

आमच्या गावात एकदा मातीचं तेल, रॉकेल, निघालं होतं. म्हणजे मालकांनी तसं ठरवलं होतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. तलावाच्या पोटात एक झरा होता. उन्हाळ्यात सारा तलाव भेगाळला तरी त्या डबक्यात पाणी राही. तिथे आम्ही मासे धरणारे जाळं टाकत नसू. मरळीची एक जोडी बी म्हणून तिथे राखायची. तलाव भरला की तिचीच पिल्लं पसरत. ती गेली तर वर्षभर रिकामं जाळं. झऱ्याच्या तोंडाशी तांबडा गाळ असे आणि पाण्यावर रंगीत साय.

एका वैशाखात मालकांनी, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराने, ती साय पाहिली. मालगुजारी गेली होती, ऐट राहिली होती. ओरडले, "तेल हाय हे! खणा!"

माझी बायको पदर खोचून आडवी उभी राहिली. "मालक, हे मासे, हे बेडूक काय तेल पिऊन राह्यले?"

"तुले काय समजते, बाई?"

"मले काई समजत नाई. तुमी वात लावून पाहा."

वातीने साय टिपून घेतली आणि वात पेटवली. चरचरली, विझली. मालक म्हणाले, वात ओली आहे. हो, ओलीच होती, पाण्यात बुडवली होती ना! मग बायकोने काडीने साय हलवली. पापडासारखी तुटली आणि तुकडे तुटलेलेच राहिले. "घरचं तेल असं मोडते का, मालक?"

"मंग काय हाय हे?"

"मले काय मालूम? तेल नाई, एवढं खरं."

लोक हसले. झालं. तेल राहिलं बाजूला, मालकांची मिशी आली पुढे. "खणा!"

खणलं. खालची चिकणमाती फुटली, पाणी वाळूत उतरलं. मालक खड्ड्यात वाकून वास घेत बसले. बायकोने चिखलात हात घालून मरळीची जोडी उचलली. "सरका, तेलवाले," म्हणाली आणि घरी नेऊन आमच्या पिण्याच्या रांजणात सोडली. तलाव भरेपर्यंत मी पाणी प्यायला शेजारच्या घरी. कुरकुर केली तर म्हणे, "तुमाले तहान हाय, त्याहिले जीव हाय."

भरल्या तलावात तिनेच जोडी सोडली. पुढे गाळ बसून झराही परत आला, सायही आली. मालक तेवढे फिरकले नाहीत.

बायको गेल्याला वर्ष होत आलं. परवा झऱ्यावर गेलो, काडीने साय मोडली. तशीच तुटली. "तेल नाई," म्हणालो. हसायला कोणी नव्हतं. खाली मरळ हलली.